व्हायकिंग मालिका : रॅग्नारचं वय, फ्लोकीचं काजळ आणि भाच्याची हजामत

तांबडफुटी (धागाकर्ता)

भाचा अकरावीत आहे. मागच्या रविवारी न्हाव्याला मोबाइलवर 'व्हायकिंग्स' मालिकेच्या नायकाचा, रॅग्नारचा, फोटो दाखवून डोक्याच्या दोन्ही बाजू भादरून आला. मध्ये झुलपं आणि मागे बोटभर शेंडी. बहिणीचा पट्टा सुरू झाला तो थांबेचना. भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, तू सांग आईला. हे हिस्टॉरिकल आहे."

सांगणार होतो. पण आधी खात्री करून घेऊ म्हटलं आणि तिथेच अडकलो. तेव्हापासून ऑफिसातून आलो की हेच चाललंय. घरचे वैतागलेत, म्हणून इथे आलो.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'व्हायकिंग्स' ही मालिका ३ मार्च २०१३ ला अमेरिकेत हिस्टरी वाहिनीवर सुरू झाली. लेखक मायकेल हर्स्ट, 'द ट्यूडर्स'वाला. सहा सीझन, ८९ भाग, शेवटचा हप्ता डिसेंबर २०२० मध्ये आला. रॅग्नार लोथब्रोक नावाचा शेतकरी चोरून जहाज बांधून घेतो, पश्चिमेला जातो, इंग्लंडातला मठ लुटतो, पुढे राजा होतो, आणि मग त्याच्या पोरांच्या मारामाऱ्या. वाहिनीचं नावच 'हिस्टरी', त्यामुळे 'हे खरं का?' हा प्रश्न पहिल्या भागापासून मागे लागला. दुसऱ्या कुठल्या वाहिनीवर असती तर एवढी झाडाझडती कुणी घेतली नसती.

आता हिशेब करू. लिंडिसफार्नच्या मठावरचा हल्ला ७९३ सालचा. तेव्हा रॅग्नारला मिसरूड फुटायला आलेला मुलगा आहे, म्हणजे तो तिशीचा धरा. वेसेक्सचा राजा एग्बर्ट, ज्याच्याशी याची अर्धी दोस्ती अर्धी दुश्मनी, तो गादीवर होता ८०२ ते ८३९. पॅरिसला वेढा घालून सात हजार पौंड चांदी उकळणारा रेगिनहेरस हा खरा म्होरक्या ८४५ चा. रॅग्नारला सापांच्या खड्ड्यात टाकणारा राजा एला मेला ८६७ ला, आणि बापाचा सूड घ्यायला म्हणून पोरांची फौज इंग्लंडात उतरली ८६५ ला. म्हणजे सापांत पडला तेव्हा आपला नायक शंभरीला टेकलेला! भाऊ म्हणून दाखवलेल्या रोलोला नॉर्मंडी मिळाली ९११ साली. त्याचं वय तुम्हीच काढा. फ्रँकांचा सम्राट चार्ल्स तर तीन चार्ल्सांचं कडबोळं आहे: टकल्या चार्ल्स, जाड्या चार्ल्स आणि भोळा चार्ल्स. (ही नावं मी ठेवलेली नाहीत, इतिहासात ती अशीच आहेत.)

पण याचा मला राग येत नाही. रॅग्नार नावाचा असा एकच माणूस होऊन गेला की नाही यावरच वाद आहे. त्याच्या गोष्टी लिहून ठेवल्या डेन्मार्कच्या साक्सोनं १२०० च्या आसपास आणि आइसलँडच्या सागाकारांनी त्यानंतर. म्हणजे मधे तीनशे-साडेतीनशे वर्षं गेली. भात तिथेच कालवून झाला होता, हर्स्टनं फक्त वरून दही घातलं. लोथब्रोक म्हणजे 'केसाळ तुमानवाला'. ज्याचं नावच असं त्याची जन्मतारीख काय विचारायची.

मला खटकतं ते वेगळंच. तीन गोष्टी सांगतो.

एक, केस. इसवी सन १००० च्या आसपासचं जुन्या इंग्रजीतलं एक पत्र आहे. लिहिणारा आपल्या भावाला रागावतोय की तू आपल्या लोकांची रीत सोडून डेन लोकांसारखा (म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांसारखा) 'उघड्या मानेनं आणि झाकलेल्या डोळ्यांनी' फिरतोस. म्हणजे मागून कापलेले, पुढून डोळ्यांवर आलेले. भाच्याच्या हजामतीच्या बरोबर उलट.

दोन, काजळ. रॅग्नारला जहाज बांधून देणारा दोस्त फ्लोकी, त्याचे डोळे पाहून मी म्हटलं होतं, हे काहीतरी रॉकस्टार प्रकरण आहे. तर अल्-तर्तुशी नावाचा स्पेनकडचा प्रवासी ९६५ च्या सुमारास हेडेबी या व्हायकिंगांच्या व्यापारी गावाला गेला होता, आणि त्यानं लिहून ठेवलंय की इथे बाया आणि पुरुष दोघंही डोळ्यांना रंग लावतात. (त्याला तिथलं गाणंही ऐकावं लागलं. ते कुत्र्यांच्या भुंकण्यासारखं, त्याहूनही जंगली, असं त्याचं मत.)

तीन, 'पश्चिमेला काय आहे कुणालाच ठाऊक नाही' हा पहिल्या सीझनचा पायाच. पण ७८९ च्या आसपास तीन जहाजं दक्षिण इंग्लंडात पोर्टलंडला लागली होती. राजाचा कारभारी त्यांना व्यापारी समजून गावात न्यायला गेला आणि मारला गेला. व्यापारी समजून! म्हणजे येणं-जाणं आधीपासून होतं. आणि ७९३ च्या हल्ल्यानंतर अल्क्विन या विद्वानानं नॉर्थम्ब्रियाच्या राजाला पत्र लिहून झापलंय, की तुम्ही लोक दाढ्या-केस त्याच पाखंड्यांसारखे ठेवत होता ना? तलवारीच्या आधी हेअरस्टाइल पोचली होती. आमचा भाचा पहिला नव्हे.

तर माझं म्हणणं एवढंच. तारखा चुकल्या तर चुकू देत. पण जे पाहून आपण 'वा, किती अस्सल' म्हणतो, ती चामड्याची कपडेपट्टी, ती भादरलेली डोकी, तेच बरंचसं बनावट. आणि जे पाहून हसू येतं ते नोंदीत सापडतं. तुमची मतं येऊ द्या. स्पॉइलर बिनधास्त टाका, मालिका संपून वर्षं झाली.


चकलीखोर

आपल्याकडच्या मालिकांत सासू-सुनांना सात वर्षांचा लीप देतात, इथे एकाच माणसाला शतकाचा लीप. नमस्कार घ्यावा.

पण कट्टेगाट राहिलं. कट्टेगाट हे गाव नाहीच, डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधला समुद्र आहे. म्हणजे आपण 'अरबी समुद्र' नावाचं गाव दाखवून तिथे एक सरपंच बसवावा तसं. त्यात मागे ते उंच डोंगर! अख्ख्या डेन्मार्कात सगळ्यांत उंच जागा जेमतेम १७१ मीटर. पुण्यातला सपाट रस्तासुद्धा समुद्रापासून त्याच्या तिप्पट उंचीवर आहे.


तांबडफुटी

@चकलीखोर, ते डोंगर आयर्लंडचे. विकलो परगण्यात शूटिंग झालं, तिथल्या लॉक टे या तळ्याला कट्टेगाटचा फ्योर्ड केलंय. गाव कधी डेन्मार्कचं वाटतं, कधी नॉर्वेचं. दिग्दर्शकाची सोय बघून सरकतं.


निवृत्त_गुरुजी

चांगला धागा. दोन गोष्टी जोडतो.

'व्हायकिंग' हे जातीचं किंवा देशाचं नाव नव्हे, तो उद्योग होता. लुटीला समुद्रावर गेला तो व्हायकिंग. परत येऊन नांगर धरला की शेतकरी. बहुसंख्य लोक आयुष्यात कधी व्हायकिंग झालेच नाहीत.

दुसरं, मालिकेला एका बाबतीत पूर्ण गुण द्या: शिंगांचं शिरस्त्राण नाही. ती शिंगं १८७६ साली बायरॉइटला वाग्नरच्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डोएप्लर या वेशभूषाकारानं चढवली आणि मग उतरलीच नाहीत. डेन्मार्कात शिंगवाली शिरस्त्राणं सापडली आहेत, पण ती कांस्ययुगातली, व्हायकिंगांच्या दीडेक हजार वर्षं आधीची. खरं व्हायकिंग शिरस्त्राण नॉर्वेत येर्मुंडबूला १९४३ साली मिळालं. गोल टोपी, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी. शिंग नाही.

पूर्ण गुण देऊन लगेच कापतो. पहिल्या सीझनमधला जार्ल (म्हणजे सरदार) हॅराल्डसन एकटा मनाला येईल तसा न्याय करतो. तिथे 'थिंग' नावाची सभा असे, गुलाम नसलेल्या स्वतंत्र माणसांची, आणि तिच्यापुढे सरदारालाही मान तुकवावी लागे. दुसऱ्या सीझनमध्ये सॅक्सन लोक (म्हणजे तेव्हाचे इंग्रज) अॅथेलस्टनला, रॅग्नारनं मठातून पळवून आणलेल्या भिक्षूला, क्रुसावर खिळतात. नवव्या शतकातल्या इंग्लंडात धर्म सोडणाऱ्याला अशी शिक्षा देत असल्याचा काडीचा पुरावा नाही. ख्रिस्ती माणूस दुसऱ्याला क्रुसावर चढवून त्याला ख्रिस्ताच्या पंगतीला बसवेल का, एवढा तरी विचार करायचा.


ढालवाली

आयडीवरून कळलंच असेल की मी लगेर्थासाठी, रॅग्नारच्या लढवय्या बायकोसाठी, पाहिली. ती साक्सोच्या नवव्या भागात आहे, केस मोकळे सोडून पुरुषांच्या पुढे लढते. पण फक्त तिथेच आहे, हे मान्य.

मात्र 'बाया लढतच नव्हत्या' म्हणणाऱ्यांसाठी बिर्का. स्वीडनमधल्या या बेटावर १८७८ साली एक थडगं उघडलं. तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, दोन ढाली, दोन घोडे आणि पटावर खेळायच्या सोंगट्या. सगळ्यांनी डोळे मिटून लिहिलं: थोर योद्धा. पुढे काहींनी हाडं बाईची दिसतात असं सुचवलं, त्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. २०१७ ला डीएनए आला. बाई.


रोखठोक

बाई होती हे सिद्ध झालं. लढत होती हे कशावरून? थडग्यात तलवार ठेवली म्हणजे ती चालवली असं नाही. उद्या मला माझ्या बायकोच्या शिलाई मशिनीसकट पुरलं तर मी शिंपी?


ढालवाली

@रोखठोक, मुद्दा बरोबर आहे, आणि काही अभ्यासकांनीही तोच मांडलाय. फक्त एवढंच सांगा, १८७८ पासून २०१७ पर्यंत ते हाडूक पुरुषाचं समजत होते तेव्हा हा प्रश्न किती जणांना पडला?


रोखठोक

हं. तिथे गप्प बसतो.


चकलीखोर

रोखठोक गप्प बसले! धाग्याला सोन्याचं पान लावा.


यॉर्कचा_पाहुणा

मी यॉर्कला राहतो, म्हणजे मालिकेतल्या त्या पोरांनी ८६६ मध्ये घेतलं तेच शहर. त्यांचं योर्विक. गेल्या वर्षी आई-बाबा आले तेव्हा योर्विक सेंटरला घेऊन गेलो. १९७६ ते ८१ या काळात कॉपरगेट रस्त्यावर खणलं तेव्हा सापडलेली घरं तिथेच, त्याच जागेखाली पुन्हा उभी केली आहेत. छोट्या पाळण्यात बसून फिरायचं. आणि वास! मुद्दाम सोडतात. मासळी, धूर, गोठा, संडास. बाबा नाकाला रुमाल लावून बसले, आई म्हणाली, "आमच्या लहानपणी मागच्या दारी असाच यायचा, त्यात काय एवढं."

सगळ्यांत गर्दी कुठे? काचेच्या पेटीत एक शी आहे. व्हायकिंग काळातल्या एका माणसाची, वीतभर लांब. १९७२ साली लॉइड्स बँकेच्या जागेवर सापडली म्हणून तिला बँकेचंच नाव पडलंय. आत जंतांची अंडी मिळाली. ती एकदा कुणाच्या तरी हातून पडली, तीन तुकडे झाले, मग चिकटवली. आईनं फोटो काढू दिला नाही.

पण सांगायचं होतं ते फण्यांचं. शिंगाच्या, हाडाच्या फण्या. एकीचे बारीक दात एका बाजूला झिजलेले होते, म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं त्याच हातानं विंचरत होतं. मालिकेत सगळे चिखलात लोळून उठल्यासारखे दिसतात. इथे तेराव्या शतकातला एक इंग्रज इतिहासकार लिहितो की हे डेन रोज केस विंचरायचे, दर शनिवारी आंघोळ करायचे, कपडे बदलायचे, आणि त्यामुळे आमच्या बायका त्यांच्या नादी लागायच्या. तक्रार म्हणून लिहितोय बिचारा! आइसलँडमध्ये शनिवारला अजून 'आंघोळीचा वार' याच अर्थाचं नाव आहे.


चकलीखोर

आपल्याकडे शनिवारी मारुतीला तेल, त्यांच्याकडे स्वतःला पाणी.


निवृत्त_गुरुजी

दुसरी बाजूही मांडतो. बगदादहून निघालेल्या इब्न फदलान या प्रवाशाला ९२२ मध्ये व्होल्गाकाठी हेच नॉर्स (म्हणजे स्कँडिनेव्हियाकडचे) व्यापारी भेटले. खजुराच्या झाडासारखी उंच, देखणी माणसं, असं आधी लिहितो, आणि मग सांगतो की सकाळी एकच घमेलं फिरतं, एक जण तोंड धुतो, शिंकरतो, थुंकतो, आणि तेच पाणी पुढच्याकडे. दिवसातून पाच वेळा वजू करणाऱ्याला ते पाहून काय वाटलं असेल! लिहिणारा कुठून पाहतोय यावर बरंच ठरतं.


यॉर्कचा_पाहुणा

हो, आणि अवांतर: इथली भाषा. कॉपरगेट, स्टोनगेट यातलं 'गेट' म्हणजे दरवाजा नव्हे, नॉर्स भाषेतला 'गाता', म्हणजे रस्ता. 'नाइफ', 'एग', 'स्काय' हे सगळे त्यांचेच शब्द. 'विंडो' म्हणजे मुळात 'विंदाउगा', वाऱ्याचा डोळा.


अनुस्वार

@यॉर्कचा_पाहुणा, काय सुंदर! आपला 'गवाक्ष' म्हणजे गाईचा किंवा बैलाचा डोळा, आणि 'वातायन' म्हणजे वाऱ्याची वाट. दोन्हींची बेरीज केली की त्यांचा शब्द झाला.

(धागाकर्त्यानं 'झुलपं'वरचा अनुस्वार नीट दिलाय, अभिनंदन.)


घोंगडीवाली

खूप दिवसांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी. मालिका नवऱ्यामुळे थोडी पाहिली. मला तिच्यात एकच गोष्ट सारखी खुपायची. फ्लोकी जहाज बांधतो ते चार-चार वेळा दाखवतात, करवत, कुऱ्हाड, डांबर सगळं. पण शीड? शीड आपोआप आलं?

आम्ही मेंढपाळ धनगर. आजी चालता चालता टकळीवर लोकर कातायची. गप्पा चालू, हात चालू. एका घोंगडीचं सूत निघायला किती दिवस लागतात ते मी पाहिलंय. मग ते सणगराच्या मागावर जातं, विणून झालं की चिंचोक्याची खळ देतात, मग कुठे ती पाऊस-वारा अडवते. हे एका माणसाच्या अंगावरच्या वस्त्राचं.

व्हायकिंगांची शिडं लोकरीची असायची. चरखा त्यांच्याकडे नव्हता, सगळं टकळीवर. त्यांच्या मेंढीला दोन थर असतात, वरचा लांब राठ केस आणि आतली मऊ लोकर. राठ केसाचा ताणा, मऊ लोकरीचा बाणा. माग भिंतीला टेकून उभा, खाली ताण्याला दगड बांधलेले. विणल्यावर चरबी आणि डांबर चोपडायचं, म्हणजे वारा आरपार जात नाही. मोठ्या लढाऊ जहाजाचं शीड शंभर चौरस मीटरच्या पुढे. घोंगडी असते साधारण तीन चौरस मीटरची. हिशेब करा किती बायांची किती वर्षं गेली असतील. जहाज बांधण्यापेक्षा शिडाला जास्त वेळ लागे असं म्हणतात, आणि मला ते अजिबात खोटं वाटत नाही.

मालिकेत बाई हातात तलवार घेते तेव्हाच तिच्याकडे कॅमेरा जातो. टकळी घेतलेली बाई कुठेतरी कोपऱ्यात, धूसर.


ढालवाली

@घोंगडीवाली, आयडी बदलावा की काय असं वाटायला लागलं.


तांबडफुटी

@घोंगडीवाली ताई, हे मी शंभर लेख वाचून लिहू शकलो नसतो. भर म्हणून एक: डेन्मार्कात रोस्किल्डच्या खाडीतून १९६२ साली पाच जहाजं वर काढली. त्यांतल्या सर्वांत लांबाची लाकडं तपासली तर ओक निघाला डब्लिनजवळचा, १०४२ सालचा. त्याची सुमारे ३० मीटर लांबीची प्रतिकृती बांधून २००७ मध्ये साठेक माणसं ती रोस्किल्डहून डब्लिनला घेऊन गेली. नाव ठेवलं 'ग्लेंडलॉकचा समुद्रघोडा'. ग्लेंडलॉक विकलोतच आहे. म्हणजे लाकूड ज्या मुलखातलं, मालिकेचं शूटिंगही त्याच मुलखात.


कोथरूडचा_कोल्हा

शिडाबद्दल बोललात तर मग ती लोकर काततं कोण, हेही बोला. गुलाम.

डब्लिन हा त्या काळातला गुलामांचा मोठा बाजार होता. मठ लुटायचे ते सोन्याच्या पेल्यांसाठी, हे मालिका सांगते. माणसंही न्यायचे, विकायला. पूर्वेकडून त्या बदल्यात चांदी यायची, अरबी दिरहम. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९९९ मध्ये एका शेतात ६७ किलो चांदी निघाली, चौदा हजारांवर नाणी, बहुतेक अरबी. ती काय नुसती मध आणि कातडी विकून आली असेल?

मालिकेत गुलाम म्हणजे अॅथेलस्टन. गोड, शिकलेला, मालकाचा जिवलग. बाकीचे मागे लाकडं वाहतात. गुरुजींनी सांगितलेल्या इब्न फदलाननं एका सरदाराची अंत्ययात्रा पाहिली होती. त्यात एका गुलाम मुलीला सोबत पाठवलं. पहिल्या सीझनमध्ये जार्ल मरतो तेव्हाचा प्रसंग तिथूनच उचललाय, पण मालिकेत तो शांत, गंभीर, जवळजवळ मंगल दिसतो. इब्न फदलान लिहितो की तिच्या किंकाळ्या बाकीच्या मुलींना ऐकू जाऊ नयेत म्हणून पुरुष ढालींवर काठ्या बडवत होते. तो काठ्यांचा आवाज मालिकेनं बाहेर ठेवला. नायक आवडायला हवा ना.


तांबडफुटी

@कोल्हा, काल रात्री तो भाग पुन्हा लावला. पूर्ण बघवला नाही.


रोखठोक

विषय बदलतो, वातावरण जड झालं. नॉर्वेच्या ओसेबर्ग जहाजात एक बादली सापडली आहे, तिच्यावर मांडी घालून बसलेला बुद्ध आणि छातीवर स्वस्तिकं. व्हॉट्सअॅपवर फिरतंय. म्हणजे तिथपर्यंत आपण पोचलो होतो. हे कोणती मालिका दाखवणार?


निवृत्त_गुरुजी

रोखठोकराव, बादली खरी आहे आणि तिला 'बुद्धाची बादली' म्हणतात हेही खरं. पण बुद्ध नाही तो. ते मीनाकाम आयर्लंड किंवा इंग्लंडच्या बाजूचं आहे, बहुधा लुटीतून आलेलं. स्वस्तिक युरोपात पूर्वापार आहेच. ओसेबर्गचं जहाज ८३४ ला दोन बायकांसोबत पुरलं, हे ढालवालींसाठी.

पण तुमच्यासाठीही आहे. स्टॉकहोमजवळ हेल्यो नावाच्या बेटावर १९५० च्या दशकात ब्राँझची बुद्धमूर्ती निघाली. वीतभरही उंच नाही. सहाव्या शतकाच्या आसपासची, उपखंडाच्या वायव्य भागातली, स्वातच्या बाजूची मानतात. तीत वादाला जागा नाही, ती खरोखर बुद्ध आहे. आणि इंग्लंडात रेप्टनला, जिथे ८७३-७४ चा हिवाळा त्या पोरांच्या फौजेनं काढला, तिथे अकीकाचा एक मणी मिळाला. पुरातत्त्वज्ञ कॅट जारमन यांच्या मते तो गुजरातेतून आला असावा. पोचलो होतो, पण मालकाच्या नव्हे, मालाच्या रूपानं.


रोखठोक

मणी तरी आपला! घेतला.


चकलीखोर

गुरुजी, रक्तगरुड खरा का? तो बरगड्या मागून उघडून पंख करतात तो. जार्ल बोर्गचा भाग बघून दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.


निवृत्त_गुरुजी

सर्वांत जुना आधार अकराव्या शतकातल्या काव्याच्या एका कडव्याचा. त्यात आहे की रॅग्नारचा पोरगा इवार यानं एलाच्या पाठीवर गरुड कापवला. नॉर्स काव्यात रणात पडलेल्याचं मांस गरुड-कावळे खातात असं पदोपदी येतं. त्यामुळे 'मारून गिधाडांपुढे टाकला' एवढाच अर्थ असेल, आणि पुढच्या सागाकारांनी त्याची सविस्तर पाककृती केली असेल, असं रोबर्टा फ्रँक यांनी मांडलं. मला पटतं. तुम्ही जेवा.


कोथरूडचा_कोल्हा

एक मुद्दा राहिलाय, शिव्या खायची तयारी ठेवून मांडतो. व्हायकिंगांची क्रूर प्रतिमा कुणी बनवली? ज्यांचे मठ लुटले त्या भिक्षूंनी. लेखणी त्यांच्याच हातात होती. आता बंगालात जा. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा तिथे गेल्या. गंगारामाचं 'महाराष्ट्रपुराण' वाचा. बंगाली आया अजून पोराला झोपवताना बर्गी आल्याचं गाणं म्हणतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर. बंगालच्या अंगाईगीतातले व्हायकिंग आपण आहोत.


रोखठोक

हे अति होतंय. तिथे चौथाईचा राजकीय हक्क होता. भास्करपंत कोल्हटकरांना १७४४ मध्ये वाटाघाटीला बोलावून दगा करून मारलं, ते नाही सांगितलंत.


कोथरूडचा_कोल्हा

सांगतो की. आणि इंग्लंडातही १३ नोव्हेंबर १००२ ला राजा एथेलरेडनं राज्यातल्या डेन लोकांची कत्तल करायचा हुकूम काढला होता. 'व्हायकिंग्स: वल्हाला' ही याच मालिकेची पुढची मालिका तिथूनच सुरू होते. ऑक्सफर्डला एका कॉलेजच्या आवारात २००८ मध्ये तिसांहून अधिक तरुणांचे सांगाडे सापडले, त्याच कत्तलीतले असावेत असं मानतात. दगा दोन्हीकडे, म्हणून तर म्हणतो गोष्ट कोण सांगतंय ते बघा.


अनुस्वार

बर्गींवर वेगळा धागा काढा, कृपया. इथे शंभर प्रतिसाद त्यावरच होतील.


ढालवाली

'वल्हाला' बघू नका असं मी म्हणेन. हाकॉन जार्ल ९९५ ला मेलेला पुरुष. तिथे ती बाई, आणि १००२ नंतर राज्य करते. मला बाया हव्यात, पण असल्या नकोत. लाइफ एरिकसन आणि १०१५ ला जन्मलेला हॅराल्ड हारड्राडा जिवलग मित्र. परत लीप.

'द लास्ट किंगडम' बघा. त्या मालिकेचा नायक उट्रेड काल्पनिक आहे, पण राजा आल्फ्रेड काय उभा केलाय! पोट धरून बसलेला, चिवट, कारकुनी वृत्तीचा, रात्री दिव्यापाशी लिहिणारा. त्याच्या पोटदुखीचा उल्लेख त्याच्या समकालीन चरित्रात आहे. तलवार न उपसता जिंकणारा राजा दाखवणं अवघड काम आहे.


चकलीखोर

आणि हसायचं असेल तर 'नॉर्समेन'. नॉर्वेजियन लोकांनी स्वतःचीच उडवलेली खिल्ली. प्रत्येक प्रसंग दोनदा चित्रित केलाय, एकदा नॉर्वेजियनमध्ये, एकदा इंग्रजीत.


तांबडफुटी

'व्हायकिंग्स'च्या बाजूनं एक बोलायचं राहून गेलं. नॉर्स आणि सॅक्सन लोक समोरासमोर येतात तेव्हा भाषा बदलते, आपल्या कानावर जुनी इंग्रजी येते आणि एकमेकांचं काही कळत नाही. मध्ये अॅथेलस्टन दुभाष्या म्हणून उभा. तो काय सांगतोय, काय गाळतोय, यावर माणसं जगणार की मरणार. ते दोन-तीन प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिले. तारखा गेल्या खड्ड्यात, सापांच्या.

ताजी खबर: भाच्यानं धागा वाचला. तो लोकर, गुलाम, चांदी यावर काही विचारेल म्हणून मी वाट बघत होतो. तो 'उघडी मान, झाकलेले डोळे' एवढंच घेऊन गेला. आता शेंडी कापणार आणि पुढचे केस नाकापर्यंत वाढवणार म्हणतो. बहिणीचा फोन येऊन गेला. "तू सांगणार होतास ना त्याला?"


यॉर्कचा_पाहुणा

पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवा. योर्विकच्या दुकानात त्या फणीची प्रतिकृती मिळते, दिवाळीला येताना घेऊन येतो.